अण्णांचा बुरखेवाला

माझ्या वडिलांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी त्यांनी सोलापुरातल्या गिरणीच्या अख्ख्या चाळीला बारा रविवार इंग्रजी पिक्चर समजावून सांगितला. मी पुढे त्याच गावात कॉलेजात इंग्रजी शिकवलं. या दोन गोष्टींच्या मधे जे घडलं ते आता लिहून काढतो आहे. त्यात माझी शोभा नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याने उगाच माझी बाजू घेत बसू नये.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मूळचे मंगळवेढ्याकडचे. ज्वारीच्या रानातून उठून सोलापूरला आले आणि गिरणीत मागावर लागले. तिथं शंभर माग एकदम खडखडत असतात, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. अण्णांचा आवाज तसाच होऊन बसला होता. घरात त्यांनी मीठ मागितलं की तीन खोल्या सोडून पलीकडची बाई विचारायची, खारट झालं का अळणी.

चाळीजवळ एक टॉकीज होतं. मी दहा वर्षांचा असताना तिथं रविवारी सकाळी एक इंग्रजी मालिका लागली. बारा भागांची, दर रविवारी एक भाग, त्याच्यामागे एखादा जुना मारामारीचा पिक्चर. पडद्यावरचं इंग्रजी पिटात, म्हणजे खालच्या स्वस्त जागेत, बसणाऱ्या कुणालाच कळायचं नाही. म्हणून टॉकीजवाले आवाज बारीक करायचे आणि पडद्याशेजारी एका खोक्यावर माणूस उभा करायचे. त्यानं काठीनं दाखवत दाखवत गोष्ट सांगायची. मॅनेजरनं या कामाला अण्णांना धरलं ते त्यांच्या आवाजासाठी. इंग्रजी येतं का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. अण्णांनाही सुचलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "डोळ्यानं दिसतंय की सगळं. त्यात न कळायला काय झालं?"

डोळ्यांना दिसत होता एक काळ्या झग्यातला माणूस. तोंडावर बुरखा. तळहात पुढे केला की धावती आगगाडी जागच्या जागी उभी राहायची. बोटातली अंगठी फिरवली की तो स्वतःच दिसेनासा व्हायचा. भिंतीतून आरपार जायचा. आणि त्याच्यामागे मोटारीतून पळत असायचे सुटाबुटातले, टोपीवाले गोरे साहेब. मालिकेचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे तिला ‘बुरखेवाला’ म्हणायचे.

अण्णांनी पहिल्याच रविवारी निकाल देऊन टाकला. काठी बुरख्यावर टेकवून ओरडले, "ह्यो आपला मानूस! आन ह्ये टोपीवाले हायत न्हवं, ह्यांचीच गिरनी, ह्यांचीच पेढी आन ह्यांचाच फौजदार!"

पीट उठून उभं राहिलं. बुरखेवाल्यानं कारखाना पेटवला तेव्हा तर शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. अण्णा दोन वाक्यं मराठीत टाकायचे, एखादं शेजारच्या विणकरांकडून उचललेल्या तेलुगूत, आणि मागच्या बाकांवरच्या मंडळींसाठी, "देखो मियाँ, अपना आदमी आया बोले तो आया!" साहेबाच्या कचेरीतली टायपिस्ट म्हणजे ‘मनानं आपल्याकडची’. दाढीवाला एक म्हातारा होता, त्याला बुरखेवाला रात्री उचलून नेतो. तो अण्णांच्या मते बुरखेवाल्याचा बाप, साहेबानं डांबून ठेवलेला, पोरानं सोडवून आणला. पुढे त्या म्हाताऱ्याला खुर्चीला बांधून तारा लावतात, तो तडफडतो. अण्णा म्हणाले, "वाताचा इलाज हाय. दुखतं जरा, पन गुन येतो." पिटातल्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर नंतर विचारलं, ह्यो इलाज सिव्हिलात करत्यात का.

मी सर्वांत पुढे, जमिनीवर मांडी घालून बसायचो. पडद्याकडे कमी आणि अण्णांकडे जास्त बघायचो. चाळीतल्या खेळात बुरखेवाला मीच. दुसऱ्या कुणी व्हायचं म्हटलं तर मी विचारायचो, तुझ्या बापाच्या हातात काठी आहे का? संपला वाद. आठवड्यातले सहा दिवस अण्णांची काठी माझ्याकडे असायची. वेताची, टोकाला पितळेची टोपी बसवलेली.

आमच्यात एक मुलगा खेळायला यायचा. स्टेशनात तिकिटं देणाऱ्या क्लार्कचा. धुतलेला सदरा, डोळ्यांवर चष्मा, बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं. त्याला आम्ही टोपीवाला करायचो, म्हणजे मार खायचं काम त्याचं. तो तेही खुशीने करायचा, कारण त्याच्याशी दुसरं कुणी खेळत नव्हतं. सातव्या भागाला त्याचे वडील त्याला घेऊन खुर्चीच्या वर्गात बसले होते. त्या दुपारी तो मैदानात आला तो धापा टाकतच. मोठी बातमी घेऊन आला होता बिचारा.

"बुरखेवाला चोर आहे," तो म्हणाला. "माझे बाबा म्हणाले. त्यांना इंग्रजी येतं. टोपीवाला खरा हिरो आहे. तो म्हातारा त्याचा बाप नाहीच, शास्त्रज्ञ आहे. त्याला पळवून आणलंय आणि करंट देऊन छळतायत."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. आता खरं सांगतो. मला त्या पोराचं म्हणणं खोटं वाटलं नाही. ऐकता ऐकताच पटलं. म्हातारा तडफडत होता, तो काही इलाज नव्हता, हे मलाही आतून माहीत होतं. पटलं म्हणूनच मी पेटलो. पटलं नसतं तर हसून सोडून दिलं असतं.

आम्ही त्याला दिव्याच्या खांबाला टॉवेलानं बांधला. मी म्हटलं, "म्हण, बुरखेवाला आपला माणूस." तो रडत होता, पण म्हणेना. चष्मा घसरून ओठापर्यंत आला होता. "पण तो चोर आहे," एवढंच म्हणत राहिला. त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं, त्याला खोटं बोलायची सवयच नसावी. मी काठी फिरवली. पितळेची टोपी त्याच्या तोंडावर बसली आणि पुढचा एक दात पडला. दुधाचा नव्हे, पक्का. आम्ही सोडल्यावर तो गुडघ्यावर बसून धुळीत दात हुडकायला लागला. दात माझ्या पायाशीच पडला होता. मी त्याच्यावर पाय ठेवून उभा राहिलो आणि पोरं हसत होती तोवर हललो नाही.

संध्याकाळी मी दारात काठी घेऊन उभा होतो. अण्णांना सगळं सांगून टाकलं होतं. तुमच्या बाजूनं भांडलो, असंच सांगितलं, छाती पुढे काढून. अण्णा काही बोलायच्या आत तो क्लार्क आला. कोट घातलेला, अंगानं किरकोळ माणूस. नळाजवळ उभं राहून अण्णांशी हळू आवाजात बोलला. अण्णांनी मला आत पिटाळलं. मी मार खायच्या तयारीनं बसलो. पण अण्णांनी मारलं नाही. क्लार्क गेल्यावर ते आत आले, माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि बाहेर नळाखाली तिचं टोक धुतलं. आई म्हणाली, "द्या की दोन ठेवून, लोकाच्या पोराचं त्वांड फोडून आलंय." अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मला वाटलं, शाबासकीच ही.

तो मुलगा परत खेळायला आला नाही. काही महिन्यांनी त्याच्या वडिलांची बदली झाली म्हणे.

पुढचे पाच भागही अण्णांनीच सांगितले. पण आठव्या रविवारपासून त्यांचं काहीतरी बिघडलं होतं. काठी पडद्याला लागेना. ते पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत बोलायचे. आई मीठ-हळदीच्या गुळण्या करायला लावायची, तिला वाटायचं घसा बसला. मलाही तेच वाटलं. बाराव्या भागात बुरखेवाला कड्यावरून नदीत पडतो, साहेब लोक प्रेत वर काढतात, बुरखा ओढून काढतात, आणि आत निघतो एक टकला, साधा माणूस. पीट श्वास धरून बसलं होतं. अण्णांनी एकदा वळून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्यो न्हवं. ह्यो दुसराच कोनतरी हाय. आपला पान्याखालनं पल्ल्याड गेला." असला जयजयकार मी त्या टॉकीजात पुन्हा ऐकला नाही.

मग मी शिकलो. चाळीत बी.ए. झालेला पहिला, एम.ए. झालेलाही पहिला. इंग्रजी का घेतलं, असं कुणी विचारलं की मी काहीबाही थोर कारण सांगायचो. कॉलेजात नोकरी लागली, आम्ही चाळीतून उठून दोन खोल्या आणि ओटा असलेल्या घरात आलो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा अण्णा रिटायर होऊन ओट्यावर बसलेले असायचे. गिरणीचा भोंगा झाला की अजून उठून उभे राहायचे, मग आठवण होऊन खाली बसायचे. दिवसभर त्यांना कुणी काही विचारायचं नाही. माझी बायको त्यांचा चहा शेवटी आणून ठेवायची, बहुतेक वेळा निवलेला. मी घरी आलो की वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचो. त्यांचा आवाज तेवढाच मोठा राहिला होता आणि आता मला तो सहन होत नव्हता. शेजारी बँकेतले लोक राहायचे.

एके दिवशी टॉकीजचा मॅनेजर घरी आला. जुन्या मॅनेजरचा मुलगा. त्याला कुठल्या तरी गोदामात ‘बुरखेवाल्या’ची रिळं सापडली होती. रविवारी सकाळी परत लावायची होती, आणि चाळीतले लोक म्हणत होते की सांगणारा तोच पाहिजे. अण्णा ओट्यावरून उतरले ते थेट माळ्यावर चढले. काठी काढली, तिला तेल लावलं, पितळ चिंचेनं घासलं. टॉकीजबाहेरच्या फळ्यावर पेंटरनं तांबड्या रंगात लिहिलं, सांगणार पूर्वीचेच, आणि खाली अण्णांचं पूर्ण नाव आडनावासकट. ते बघायला अण्णा दोनदा चालत गेले. लग्नपत्रिका सोडली तर स्वतःचं नाव त्यांनी कुठं छापलेलं किंवा रंगवलेलं पाहिलं नव्हतं.

पहिले दोन रविवार मी गेलो नाही. पेपर तपासायचे होते, असं सांगितलं. अण्णा मात्र पार बदलून गेले. सोमवारी सकाळी दाढी करायला लागले. सात रस्त्याच्या चौकात एका रिक्षावाल्यानं त्यांना ओळखून घरापर्यंत सोडलं. "तुमीच की हो बुरखेवाले! मी पिटात बसायचो, येवढा हुतो," असं म्हणत तो आमच्या दारात पाया पडला. अण्णांनी ते जेवताना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, "कळलं अण्णा. हळू बोला." ते हळू बोलायला गेले, पण त्यांना ते जमत नव्हतं.

माझ्या विभागाचे प्रमुख पुण्याचे होते. पाइप ओढायचे आणि सोलापूरला ‘तुमचं हे गाव’ म्हणायचे. त्यांनी तो फळा वाचला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "आडनाव तुमचंच दिसतंय. कोण हो हे?"

मी म्हटलं, "लांबचे नातलग आहेत."

इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. सर म्हणाले, "चला मग, या रविवारी बघूच. गंमत असेल." नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिसऱ्या रविवारी सर, त्यांच्या पत्नी आणि मी, असे आम्ही बाल्कनीत जाऊन बसलो. मी मधल्या खांबाच्या आड बसलो होतो.

अण्णा खोक्यावर चढले. धोतर परीटघडीचं. खाली चाळीतली माणसं खच्चून भरलेली, आपापली पोरं घेऊन आलेली. अण्णांनी वर बघितलं आणि खांबाआडून मला बरोबर हेरलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. काठी वर करून ते ओरडले, "त्यो वर बसलाय न्हवं, त्यो माजा ल्योक! कॉलेजात इंग्रजीचा सर हाय! आज काय चुकलं तर त्यो सांगंल की!"

सगळं टॉकीज मान वळवून हसलं. प्रेमानंच हसलं. सरांनी पाइप तोंडातून काढला आणि माझ्याकडे बघितलं. "लांबचे?" एवढंच म्हणाले. त्यांच्या पत्नी पदराआड हसत होत्या.

दिवे गेले. वीस वर्षांनी मी ती मालिका बघत होतो, आणि आता मला तिचा शब्द न् शब्द कळत होता. आवाज बारीक असला तरी बाल्कनीत पुरेसा येत होता. पहिल्या दोन मिनिटांत, मागच्या भागांची उजळणी दाखवतात तेवढ्यातच, उलगडा झाला. दैवी शक्ती, अंगठी, झगा, काही म्हणजे काही खरं नव्हतं. आगगाडी लाकडी खेळण्याची होती. तो आरपार जायचा त्या भिंतीवरचा रंगही नीट वाळला नव्हता. बुरखेवाला नीच माणूस होता. गाडीत अण्णा सांगायचे तसं सावकाराचं धान्य नव्हतं, प्रवासी होते. पेटवलेल्या कारखान्यात माणसं होती. क्लार्कचा पोरगा बोलला ते अक्षरन् अक्षर बरोबर होतं. त्या पोराची मला खूप वर्षांनी आठवण झाली, आणि झाली ती अशा ठिकाणी, याचाही मला अण्णांवरच राग आला.

खाली अण्णा रंगात आले होते. पडद्यावर बुरखेवाला म्हाताऱ्याला खुर्चीला बांधत होता. "सोडवून आनला बापाला! ल्योक असावा तर असा!" पीट टाळ्या वाजवत होतं. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अहो, तो तर खलनायक! तुमच्या वडिलांनी सगळं उलटं करून ठेवलंय की. आणि हे लोक टाळ्या वाजवतायत!" त्यांना हसू आवरत नव्हतं. मला वाटलं, ते उद्या स्टाफरूममध्ये हे सांगणार. वाटलं, आत्ता काही केलं नाही तर मी जन्मभर या काठीवाल्याचा पोरगा राहणार.

मी उठून उभा राहिलो. वडिलांचा आवाज माझ्यातही आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"चुकतंय अण्णा!" मी ओरडलो. "तो त्याचा बाप नाही! त्यानं त्याला पळवून आणलंय! बुरखेवाला चोर आहे, खुनी आहे! पहिल्यापासून तुम्ही खोटं सांगताय. इंग्रजी येत नसेल तर सांगू नये माणसानं!"

रीळ चालू होतं, म्हातारा पडद्यावर तडफडत होता. मग खालून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, मग इतके दिस आपुन चोराला टाळ्या वाजवल्या व्हय?" कुणीतरी फिदीफिदी हसलं. ते हसणं एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलं. ज्यांची पोरं बरोबर होती ते हसले नाहीत. त्यांना पोरांना काय सांगावं ते कळेना.

अण्णा खोक्यावरून उतरले. काठी माझ्या दिशेनं आडवी धरली. "या सर," ते म्हणाले. मला पहिल्यांदाच सर म्हणाले, आणि हळू आवाजात म्हणाले. जन्मभर न जमलेलं त्यांना त्या क्षणी जमलं. "तुमीच सांगा. तुमी शिकल्यालं हायसा."

मी तिथंच थांबायला हवं होतं. सर म्हणाले, "जा जा, करून टाका दुरुस्त." मी जिना उतरून गेलो, काठी घेतली, खोक्यावर चढलो आणि उरलेला भाग बरोबर सांगितला. प्रत्येक वाक्याचा नेमका अर्थ, शुद्ध मराठीत. काठी जिथल्या तिथं. मला ते आवडलंही, लपवत नाही. वर्गात येते तशी धुंदी आली होती. माझ्या सांगण्यात चूक शोधायची म्हटली तर एकच होती, लोक उठून जात होते. एक बाप दोन पोरांना हाताला धरून दरवाजाकडे चालला होता आणि धाकटा विचारत होता, "मग आपला मानूस कुटं गेला?" दिवे लागले तेव्हा पीट अर्धं रिकामं होतं. बाल्कनीतून सर एकटेच टाळ्या वाजवत होते.

अण्णा पहिल्या रांगेत जमिनीवर बसले होते. पूर्वी मी बसायचो तिथं.

आम्ही सात रस्त्यावरून चालत घरी आलो. ते चार पावलं मागे. मी एकदा थांबलो तर तेही थांबले. घरी आल्यावर मी बायकोला मोठ्या आवाजात सगळा प्रसंग सांगितला, त्यांना ऐकू जाईल असा. कुणीतरी कधीतरी सांगायलाच हवं होतं, असं म्हटलं. अण्णांनी शेंगाची चटणी आणि भाकरी खाल्ली, ताट स्वतः उचलून नळाखाली धुतलं. त्याआधी त्यांनी कधी ताट धुतलं नव्हतं.

बुधवारी मॅनेजर आला. लोक तिकिटाच्या खिडकीशी भांडायला येतात, म्हणाला. "सर, तुम्ही सांगता ते बरोबरच असेल हो, पण लोकांना अण्णाच पाहिजेत." अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. मला त्यांची दया आली. माझी दया कशी असायची तेही सांगतो. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच जा. मी एकेक भाग मराठीत नीट लिहून देतो, तुम्ही पाठ करा. म्हणजे परत हसं होणार नाही."

अण्णा मॅनेजरला म्हणाले, "मी न्हाई येत. फळ्यावरचं नाव पुसा." तो गेल्यावर ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्यो चोर हाय ते. सातव्या भागालाच कळलं हुतं. त्यो स्टेशनातला मानूस आला हुता की नळापाशी. भांडाया न्हाई आला. म्हनला, माज्या पोराचा दात गेला त्यो गेला, पन त्यानं खोटं सांगितलं न्हाई येवढं तुमच्या पोराला सांगा. मग सगळी ष्टोरी बैजवार सांगितली मला. हात जोडून गेला."

नळाखाली काठी धुणारे अण्णा मला दिसले. आठव्या रविवारी पडद्याकडे पाठ फिरवून उभे असलेलेही दिसले.

"मग पुढचे पाच रविवार?" मी कसंबसं विचारलं.

"जानूनबुजून खोटं सांगितलं." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती, ती आता मीही शोधत नव्हतो. "तू दारात हुबा हुतास काठी घिऊन. बापाची बाजू राखली म्हनून छाती काढून. तुला काय सांगू? की तू खरं बोलनाऱ्या पोराचा दात पाडलास, आन त्योबी चोरापायी? दहा वर्साचा हुतास. म्हनलं, ऱ्हाऊ दे. खोट्याचं पाप माज्या डोक्यावर ऱ्हाऊ दे. आन आता परत सांगितलं ते लोकास्नी त्योच पायजे हुता म्हनून."

आत बायकोनं चहा ओतल्याचा आवाज आला. अण्णा उठले, दाराच्या कोपऱ्यातली काठी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"पन तू बरुबर सांगितलंस परवा," ते म्हणाले. "आता सगळ्यास्नी कळलं. येक त्यो पोरगा तेवढा ऱ्हायला. त्याला हुडक, आन त्यालाबी सांग."

त्यानंतर अण्णा सहा वर्षं जगले आणि दर दिवाळीला, फराळाच्या ताटावर, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात मला एकच विचारायचे, "घावला का रं त्यो?" मी दर वेळी नाही म्हणायचो. तो मिरजेला स्टेशनात बापाच्याच जागी लागल्याचं मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी गेलो नाही.